तीन दिवसांची भेट

राबिगामावशीनं सायातला जन्म दिला नव्हता. ही गोष्ट तासकुदुक स्टेशनावर सगळ्यांना माहीत होती आणि कुणाच्याही लक्षात नव्हती.

सायात तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. तिला आणि तिच्या नवऱ्याला, आता हयात नसलेल्या ओरिनबायकाकांना, मूल नव्हतं. धाकट्या जावेला, कामशातला, तिसरा मुलगा झाला. चाळीस दिवस झाले तसा दीर तोलेगेन त्याला पाळण्यासकट घेऊन आला आणि मावशीच्या ओटीत घालून गेला. आमच्याकडे असंच करतात. त्याचा कागद कुणी करत नाही. ज्यानं पोटचं पोर दिलं त्याच्याकडे वर कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. जन्मदाखल्यावर कामशातचं नाव राहिलं. आडनाव दोन्ही भावांचं एकच होतं. शाळेत, दवाखान्यात, फौजेच्या भरतीत कुठेच काही अडलं नाही.

तो मावशीला आपा म्हणायचा. आईला म्हणतात तसं. कामशातला काकू म्हणायचा. ती तोलेगेनबरोबर अक्ताऊला राहायला गेली होती, पार कास्पियनच्या काठी, तेलाच्या कामावर. दोन-तीन वर्षांतून लग्नकार्याला यायची. सायातसाठी बूट आणायची. ते दरवेळी लहान व्हायचे.

मी आणि सायात एका बाकावर शिकलो. मी पुढे कारागांदाला जाऊन साहित्य शिकले आणि परत येऊन स्टेशनच्या शाळेत शिकवायला लागले. तो जीप चालवायला लागला.

दोन वर्षांपूर्वी स्तेपीत, गवताच्या मोकळ्या माळावर, ती जीप पकडली गेली. मागे पोत्यांत सायगा हरणांची शिंगं होती. शिंगं त्याची नव्हती, जीप त्याची होती. पोत्यांत काय आहे हे मात्र त्याला ठाऊक होतं. न्यायालयात त्यानं ते कबूल केलं. सात वर्षं.

निकालाच्या दिवशी मावशी एवढंच म्हणाली, "हरणांनी काय घोडं मारलं होतं याचं?"

मग ती फलाटावर परत आली. तीस वर्षं ती तिथे धुरावलेले मासे विकते. बाल्खाश सरोवरातले, लाकडाच्या धुरावर सोनेरी झालेले. गाडी आमच्याकडे बारा मिनिटं थांबते. मावशी उंच, हाडापेरानं मोठी. एका हातात माशांची माळ धरून ती बारा मिनिटांत पूर्ण गाडी चालून काढायची. शेजारी बिबिश बसायची, तिची बालमैत्रीण आणि जन्माची स्पर्धक.

"राबिगा, तुझे मासे तुझ्यासारखेच. वाळले तरी रुंदी जात नाही."

"आणि तुझे तुझ्यासारखे. नुसता काटा."

सायातचा तुरुंग कारागांदाच्या खाणींकडे होता. सकाळच्या गाडीनं चार तास, पुढे बस. वर्षातून दोनदा मोठी भेट मिळायची. तुरुंगाच्या भिंतीच्या आतच एका बाजूला बोळ होता, त्यात खोल्या, टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. घरच्यांनी तीन दिवस कैद्याबरोबर तिथे राहायचं. मावशी तीन वेळा राहून आली होती. ती मांस न्यायची, लाटून वाळवलेल्या पोळ्या न्यायची, कणकेचे तळलेले फुगीर बाउरसाक, लोणी, चहा. गेटवर झुमाबेक नावाचा हवालदार असायचा.

"मावशी, आत तुरुंग आहे. खानावळ नाही."

"मग तुझ्या वाटचं परत नेते."

"तसं कुठे म्हटलं मी?"

तो तिचं ओळखपत्र बघायचा. आडनाव जुळायचं. वहीत लिहायचा, आई. त्यापुढे त्यानं कधी काही विचारलं नाही आणि विचारायचं काही आहे असं मावशीलाही कधी वाटलं नाही.

भेटीहून आली की ती मला चहाला बोलवायची. "पहिला दिवस तो झोपतोच," सांगायची. "मी नुसती बघत बसते. झोपेत अजून तसाच गुडघा पोटाशी घेतो." तिचं वर्ष महिन्यांचं नव्हतं. मागची भेट होऊन किती दिवस झाले आणि पुढची किती दिवसांवर आहे, एवढंच ती धरून चालायची. पुढची सप्टेंबरात होती.

मार्चमध्ये झुमाबेकचा फोन आला. दोन बराकी बंद होणार होत्या. तीनशे माणसं जिथे जागा असेल तिथे पाठवणार होते, उत्तरेला सुद्धा.

"अर्ज करा," तो म्हणाला. "घर जवळ आहे हे दाखवा. जवळच्या नातलगांच्या प्रांतात ठेवायचं असा नियमच आहे. भेटीच्या खोलीत पाटी लावलीय त्याची. तुम्ही नियमात बसता."

मावशी संध्याकाळी माझ्याकडे आली. "तू शिकलेली आहेस. असं लिही की वाचणाऱ्याला नाही म्हणता येऊ नये."

अर्ज आता संगणकावरूनच होतात. कोण करू शकतं तेही ठरलेलं. आई, वडील, नवरा किंवा बायको, मुलं, सख्खी भावंडं. मी मावशीचा ओळखक्रमांक घातला, सायातचा घातला. पडद्यावर उत्तर आलं. नात्याची नोंद आढळली नाही.

"म्हणजे?" मावशीनं विचारलं.

"कागदावर तुम्ही त्याच्या आई नाही, मावशी."

ती रागावली नाही. "बरं मग. कागदावर जी आहे तिला सांगू." आणि तिनं तिथूनच कामशातला फोन लावला.

"कामशात, तुझी सही पाहिजे."

"ताई, जीव माग की. सही काय मागतेस!"

दहा मिनिटांत कामशातनं तिची संगणकावरची सही पाठवली, परवलीच्या शब्दासकट. तो शब्द तिच्या नातवाचं नाव होतं. मी अर्ज उघडला. या वेळी नातं लगेच सापडलं. पत्त्याचा रकाना आपोआप भरला गेला. अक्ताऊ, अमुक वसाहत, अमुक घर. मी तो बदलायला गेले तर बदलेना.

"मावशी, पत्ता अक्ताऊचा येतोय."

"तिथेच राहते ना ती? मग खरंच आहे. खोटं घालू नकोस. खोटं पकडतात."

खाली कारणाचा रकाना होता. मी आधीच दीड पान लिहून ठेवलं होतं. रकान्यात पाचशे अक्षरं मावत होती. मी कापायला बसले. सगळ्यात आधी सायात दिलेला मुलगा आहे, त्याला राबिगानं वाढवलं, तीच त्याला भेटायला येते, हा परिच्छेद आला. मी तो मोठ्यानं वाचला.

मावशीनं हात हलवला. "ते काढ. पोराच्या कानावर गेलं तर? आपाच आपल्याला उसना म्हणते असं वाटेल त्याला."

आमच्याकडे हे तोंडानं बोलत नाहीत. दिलेल्या मुलासमोर नाही, त्याच्यामागेही नाही. मला ते बरोबर वाटलं. मी परिच्छेद काढला. अर्जात उरलं ते एवढंच की घरच्यांना भेटायला येता यावं इतक्या अंतरावर त्याला ठेवावं. चांगली वाक्यं होती. मला त्यांचा अभिमान वाटला होता.

एकोणीस दिवसांनी उत्तर आलं. अर्ज मंजूर. पुढे एक अक्षर नाही.

मावशीनं टोपलीभर बाउरसाक तळले आणि फलाटावर वाटले. गाडीच्या गार्डलाही दिले.

"सुटला की काय गं?" बिबिशनं विचारलं.

"सुटला नाही. जवळ राहिला."

"मग इतके कशाला तळलेस? सुटेल तेव्हा काय करशील?"

"तेव्हा तुलाच तळीन."

जूनमध्ये सायातचा रविवारचा फोन आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. मावशीनं झुमाबेकला फोन लावला. तो बंद होता. बराकींबरोबर त्यालाही कुठेतरी हलवलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. तुरुंगाच्या कचेरीत मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, वर्गमैत्रीण. त्यांनी फोन ठेवला. मग मावशीनं केला. त्यांनी तिचा क्रमांक विचारला, टंकला आणि तिला सांगितलं की माहिती जवळच्या नातलगांनाच देतात, तीही पोहोचल्यावर दहा दिवसांच्या आत.

"पोहोचल्यावर म्हणजे कुठे?" मावशी विचारत होती. फोन कधीच ठेवला गेला होता.

कळवलं ते कामशातला. तिचा फोन आला तेव्हा मी मावशीकडेच होते.

"ताई," ती म्हणाली. तिला हसावं की रडावं ते कळत नव्हतं. "ताई, तो इथे आलाय."

"कुठे इथे?"

"इथे. अक्ताऊला. त्यांनी लिहिलंय, आईच्या पत्त्याच्या प्रांतात, आईच्या विनंतीवरून."

मावशीनं फोन कानापासून खाली घेतला. कामशात पलीकडून ताई, ताई म्हणत राहिली. मी फोन घेतला आणि पत्राचा फोटो पाठवायला सांगितलं. आमच्यापासून अक्ताऊ म्हणजे तीन दिवस गाडीत.

पत्रात दोन तारखा होत्या. निघाला नऊ जूनला. पोहोचला चोवीसला. मी मावशीला त्या वाचून दाखवल्या. तीस वर्षं फलाटावर काढलेल्या बाईला तारीख सांगितली की गाडी दिसते.

"नऊ म्हणजे मंगळवार," ती म्हणाली. "मंगळवारी कारागांदाहून शिमकेंतची गाडी. दुपारी सव्वाबाराला आपल्याकडे." थांबली. "डबा होता त्या दिवशी."

कैद्यांचा डबा नेहमीच्या गाडीलाच जोडतात, इंजिनाच्या मागे. आधी दक्षिणेत नेतात, तिथून जिकडची असतील तिकडे माणसं वाटतात. त्याला एका बाजूनं खिडक्या नसतात, दुसऱ्या बाजूला जाळ्या. तो डबा आला की आमच्या फलाटावरच्या बायका ओरडत नाहीत. त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहतात. कुणाची तरी मुलं असतात आत. त्यांना अशा अवस्थेत बघू नये, एवढीच त्यांची अब्रू राखायची. हे कुणी शिकवलेलं नाही. लहानपणी आयांबरोबर उभ्या राहून आम्ही सगळ्या ते शिकलो.

"मी समोरच होते," मावशी म्हणाली. "इंजिनाच्या पाण्याच्या नळापाशी. बारा मिनिटं."

मी तिला म्हणाले की तो दुसऱ्या गाडीनंही गेला असेल. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरी, गाड्यांचं मला नको सांगूस."

जुलैत सायातचा फोन आला. अक्ताऊच्या नियमानं आठवड्याला दहा मिनिटं. मावशीनं आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला, मलाही ऐकू यावा म्हणून. त्यानं तब्येत विचारली, बिबिशची खबर विचारली. मला म्हणाला, "बाई, पोरांना अजून झोपवतेस का तासाला?" मी हो म्हटलं. मग तो म्हणाला, "आपा, त्या दिवशी तू हिरवा रुमाल बांधला होतास."

मावशीनं टेबलाची कड धरली. "हाक का नाही मारलीस?"

"तू वळली असतीस."

मी नंतर पुष्कळ पत्रं लिहिली. आता लाजण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिलेला मुलगा, पाळणा, चाळीस दिवस, सगळं लिहिलं. उत्तरं दोन आली. दोन्हींत तेच होतं. बदली आईच्या विनंतीवरून झालेली आहे, पुन्हा बदलीसाठी कारण दिसत नाही. विनंतीनुसार दिलेली बदली परत मागता येत नाही. बाल्खाश शहरातल्या वकिलाकडे गेलो. भला माणूस होता. म्हणाला, दत्तकाचा कागद आता करायचा तर मुलगा अज्ञान, अठराच्या आतला लागतो. सत्तावीस वर्षांच्या माणसाला दत्तक घेता येत नाही.

"म्हणजे मी उशिरा आले," मावशी म्हणाली.

"नऊ वर्षं," वकील म्हणाला, आणि लगेच ओशाळला.

सप्टेंबरात भेटीची तारीख लागली. मी शाळेतून रजा घेतली आणि मावशीबरोबर निघाले. तीन दिवस ती खिडकीपाशी बसून होती. प्रत्येक स्टेशनावर माल विकणाऱ्या बायका बघायची आणि त्यांना नावं ठेवायची. "ही बघ. खरबूज असं धरतात? जणू दुसऱ्याचं पोर धरलंय." मग पुढचं स्टेशन येईपर्यंत पिशव्यांच्या गाठी आवळत बसली.

तोलेगेन आणि कामशातनं तिला दाराच्या समोरच्या मानाच्या जागेवर बसवलं. मेंढा कापला होता. पाहुण्याच्या मानाचं म्हणून डोकं तिच्यापुढे ठेवलं. कामशात तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हती. जणू तिनंच काहीतरी चोरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी तुरुंगावर गेलो. पिशव्या पाच होत्या. खिडकीत एक तरुण मुलगी होती, वेणी घातलेली, नम्र. तिनं दोघींची ओळखपत्रं घेतली. टंकलं.

"कामशातआजी, तुम्ही आई. तुम्ही जाऊ शकता. या आजींची नोंद नाही."

"मीच त्याला वाढवलंय, बाळ," मावशी म्हणाली.

"हो आजी. पण मोठ्या भेटीच्या यादीत काकू येत नाही."

"तिकडे तर मला सोडायचे."

"तिकडे चुकीचं करत होते." तिनं हे कुजबुजून सांगितलं, जणू मोठ्यानं म्हटलं तर कुणी ऐकून झुमाबेकला शिक्षा करील. "काचेआडची दोन तासांची भेट साहेबांच्या परवानगीनं मिळते. अर्ज द्या. उत्तर पंधरा दिवसांत येतं."

आमची परतीची गाडी पाच दिवसांनी होती. तरी मी अर्ज लिहिला. नात्याच्या रकान्यापाशी थांबले.

"काकू लिही," मावशी म्हणाली. "आता खरं तेच लिहू."

कामशातनं एकदम मावशीचा दंड धरला. "मी नाही जात. ताई, माझं ओळखपत्र घे आणि तू जा. दोघी म्हाताऱ्या, दोघींच्या डोक्याला रुमाल. कोण बघतंय?"

"बोटांचे ठसे घेतात, आजी," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"मग कुणीच नको जायला!" कामशात रडायला लागली. "मी तीन दिवस त्याच्याशी बोलू काय? मला तो ओळखतो तरी किती? मी त्याला कायम लहान बूट दिले!"

"गप," मावशी म्हणाली. अगदी थोरल्या जावेच्या आवाजात. "तू नाही गेलीस तर भेट बुडाली. पुढची मार्चमध्ये. त्याला सहा महिने कुणीच नको?" तिनं पिशव्या एकेक करून कामशातच्या हातात दिल्या. "यात मांस आहे, आजच शिजव. आधी रस्सा दे, मग पोळ्या. चहात दूध आधी, पाणी नंतर. तो पहिला दिवस झोपेल. उठवू नकोस. बोलायला लागतंच असं नाही. बघत बस."

"आणि मध्येच उठला तर?"

"उठला तर खायला घाल."

लोखंडी दार उघडलं. कामशात पाच पिशव्या घेऊन आत गेली. ती बुटकी आहे. पिशव्या जमिनीला घासत होत्या. मावशीचा एक हात पुढे झाला, उचलायला, आणि तसाच राहिला. दार लागलं.

ते तीन दिवस आम्ही तोलेगेनकडे काढले. मावशीनं त्यांच्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली. तोलेगेन बाल्कनीत सिगारेट ओढायचा आणि आत येऊन उभा राहायचा. एकदा म्हणाला, "वहिनी, पोर दिलं तेव्हाच कागद द्यायला हवा होता."

"मागितला असता तर दिला असतास?"

त्यानं विचार केला. "नाही. भांडलो असतो."

"मग झालं."

तिसऱ्या दिवशी दुपारी कामशातला आणायला गेलो. ती बाहेर आली तेव्हा पिशव्या हलक्या होत्या आणि तिचा चेहरा वेगळाच होता. दमलेला, पण मऊ. बसमध्ये ती आणि मावशी शेजारी बसल्या, मी मागे.  दोन थांब्यांनंतर मावशीनं विचारलं,

"जेवला?"

"जेवला. रस्सा दोनदा घेतला."

"झोपला?"

"पहिला पूर्ण दिवस. तू म्हणालीस तसाच. गुडघा पोटाशी घेऊन."

"मग?"

"मग बोललो. थोडं थोडं." कामशात रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होती. "ताई, त्यानं मला आपा म्हटलं."

मावशीनं मान हलवली. "मीच सांगितलं होतं त्याला, फोनवर. पहाऱ्यावाल्यांसमोर आपा म्हण. काकू म्हणालास तर शंका घेतील, पुढच्या वेळी तिलाही आत सोडणार नाहीत."

"हो," कामशात म्हणाली.

बस थांबली. माणसं उतरली, माणसं चढली. समुद्राकडून वारा आत आला आणि दार मिटलं.

"पहाऱ्यावाल्यांसमोरच ना?" मावशीनं विचारलं.

कामशातनं पिशवीतले रिकामे डबे बाहेर काढले आणि मांडीवर घेऊन एकात एक बसवायला लागली.